रात्रीचाच खोकला का? कारण शोधण्याची एक भारतीय गोष्ट

दिवसभर काही त्रास नाही, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की घशात खवखव सुरू. मग ढास लागते, उठून बसावे लागते, पाणी प्यावे लागते आणि शेजारी झोपलेल्याचीही झोप मोडते. हळदीचे दूध होते, ज्येष्ठमध होतो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या होतात, आणि शेवटी मेडिकलमधून खोकल्याची बाटली येते. नवी मुंबईत माझ्याकडे असे रुग्ण बाराही महिने येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "डॉक्टर, चांगले कफ सिरप कोणते?" मी उलट विचारतो, "खोकला नेमका किती वाजता येतो? आडवे पडल्यावर लगेच, की पहाटे झोपेतून उठवतो?"

असे प्रश्न का विचारायचे, हे समजण्यासाठी आपल्या देशात घडलेली एक गोष्ट सांगतो.

टीबीसारखा, पण टीबी नसलेला आजार

खोकला एकच असला तरी त्यामागची कारणे अनेक असतात, हे आपल्याकडे फार जुन्या काळापासून माहीत आहे. चरकसंहितेत कासाचे, म्हणजे खोकल्याचे, पाच प्रकार सांगितले आहेत आणि क्षयामुळे होणारा खोकला त्यांत वेगळा मोजला आहे. विसाव्या शतकात एक्स-रे आल्यावर मात्र एक नवा गोंधळ झाला. खोकला, बारीक ताप, वजनात घट आणि फुप्फुसात डाग दिसले की टीबी, असे समीकरण होऊन बसले. त्या काळी टीबीवर खात्रीचे औषध नव्हते. रुग्णाला घरदार सोडून महिनोन्महिने सॅनेटोरियममध्ये राहावे लागे.

आंध्रातील मदनपल्लीजवळ आरोग्यवरम येथे असेच एक मोठे सॅनेटोरियम होते. तेथील डेन्मार्कचे डॉक्टर फ्रिमोट-म्योलर आणि त्यांचे सहकारी डॉ. बार्टन यांना काही रुग्ण वेगळे वाटले. खोकला टीबीसारखा, एक्स-रे टीबीसारखा, पण थुंकीत टीबीचे जंतू मिळत नव्हते. शिवाय रक्तातील इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या होत्या. ॲलर्जीत आणि जंतांच्या त्रासात या पेशी वाढतात. १९४० साली या दोघांनी लिहिले की हा टीबी नव्हे, टीबीसारखा दिसणारा वेगळा आजार आहे.

१९४३ साली डॉ. वाइनगार्टन यांनी भारतात पाहिलेल्या ८१ रुग्णांची माहिती 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापली आणि आजाराला नाव दिले, 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया'. त्यांच्या वर्णनात ठळक होता तो रात्री येणारा, दम्यासारखा, झोप मोडणारा खोकला. उपचार मात्र योगायोगाने सापडला. एका रुग्णाला सिफिलिससाठी सोमलयुक्त इंजेक्शने दिली आणि त्याचा खोकलाही थांबला. आता आजाराला नाव होते, औषध होते, पण कारण कोणालाच माहीत नव्हते. आणि सोमल म्हणजे विषच, त्यामुळे उपचारही जोखमीचा होता.

कारण सापडले

१९४७ च्या सुमारास अमेरिकेतील लेडर्ली कंपनीत डायइथिलकार्बामाझीन हे हत्तीरोगावरचे औषध तयार झाले. तेव्हा तेथील संशोधनाचे प्रमुख आपले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. जुन्या लोकांना हे औषध 'हेट्राझान' नावाने आठवत असेल. १९५५ साली डॉ. गणात्रा आणि डॉ. लुईस यांनी या खोकल्यावर ते वापरल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. हत्तीरोगाच्या औषधाने खोकला बरा होतो, याचा अर्थ काय?

उत्तर १९६० साली वेल्लोरहून आले. तेथील डॉ. वेब, डॉ. जॉब आणि डॉ. गॉल्ट यांना अशा रुग्णांच्या फुप्फुसात, यकृतात आणि लसिका ग्रंथींत फायलेरियाची सूक्ष्म पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, सापडली. हत्तीरोगाच्या नेहमीच्या रुग्णात ही पिल्ले रात्री रक्तात फिरतात, म्हणून तपासणीसाठी रक्त रात्री घेतात. या रुग्णांच्या रक्तात मात्र ती मिळत नाहीत, कारण शरीर त्यांच्यावर तीव्र ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया देऊन त्यांना फुप्फुसातच अडकवते आणि मारते. त्या लढाईचा त्रास म्हणजे हा खोकला. रक्तात शोधणाऱ्यांना कारण का मिळत नव्हते, ते आता कळले.

पुढे मुंबईचे डॉ. फारोख उदवाडिया यांनी या आजाराचा दीर्घ अभ्यास केला आणि १९७५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. वेळेवर उपचार झाले नाहीत तर फुप्फुसाला कायमची इजा होऊ शकते, हे अशा अभ्यासांतून पुढे आले.

मग माझा खोकला हाच आहे का?

बहुधा नाही. हा आजार आता कमी दिसतो. पण तुम्ही गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागातले किंवा बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, तेलंगणातले असाल आणि तिथे बरीच वर्षे राहिला असाल, तर डॉक्टरांना गावाचे नाव जरूर सांगा. सीबीसीमध्ये इओसिनोफिल साधारण ५०० पर्यंत असतात. या आजारात ते बहुधा ३००० च्या वर जातात. थोडे वाढलेले इओसिनोफिल मात्र साध्या ॲलर्जीत किंवा पोटातल्या जंतांमुळेही दिसतात. त्यामुळे रिपोर्ट बघून स्वतःच गोळ्या सुरू करू नका.

जास्त आढळणारी कारणे वेगळी आहेत. १९८१ साली अमेरिकेतील डॉ. रिचर्ड आयर्विन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की खोकल्याच्या नसा नाकापासून पोटापर्यंत जिथे जिथे पोहोचतात, ती ठिकाणे क्रमाने तपासली तर जुनाट खोकल्याचे कारण बहुतेक वेळा सापडते. त्यात तीन कारणे वारंवार दिसतात.

पहिले नाक. सर्दी किंवा ॲलर्जीचा स्राव आडवे पडल्यावर मागून घशात उतरतो आणि खवखव होते. धुळीची ॲलर्जी असेल तर गादी आणि उशीही तपासा. घरातल्या धुळीतील ॲलर्जीमागे डोळ्यांना न दिसणारे माइट्स हे किडे असतात, हे १९६४ साली हॉलंडमध्ये उलगडले. त्यांना ओलावा मानवतो, आणि खाडीकाठच्या आपल्या शहरात, विशेषतः पावसाळ्यात, ओलाव्याला तोटा नसतो.

दुसरा दमा. प्रत्येक दमेकऱ्याला धाप लागतेच असे नाही. काहींना फक्त खोकला येतो आणि तो बहुधा मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे झोपेतून उठवतो. स्वतः दमेकरी असलेल्या इंग्लंडच्या डॉ. जॉन फ्लॉयर यांनी रात्रीच्या या झटक्यांचे वर्णन १६९८ च्या आपल्या ग्रंथात केले होते.

तिसरे पोट. रात्री उशिरा जेवून लगेच झोपल्यास आम्ल वर येते. छातीत जळजळ झालीच पाहिजे असे नाही, नुसती घशाची खवखवही होते. लोकल पकडून साडेनऊला घरी, दहाला जेवण आणि साडेदहाला झोप, असा दिनक्रम असेल तर आधी तो बदला. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा आणि पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करा.

रक्तदाबाची गोळीही विसरू नका. एनालाप्रिल, रामिप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. गोळी स्वतःहून थांबवू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या.

डॉक्टरांकडे जाण्याआधी

एक आठवडा वहीत लिहा: खोकला किती वाजता आला, जेवण किती वाजता झाले, उठून बसल्यावर बरे वाटले का, तोंडाला आंबट चव आली का, छातीत शिट्टीसारखा आवाज होता का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, सुट्टीत दुसरीकडे गेल्यावर खोकला कमी झाला का. ही वही कित्येकदा महागड्या तपासणीपेक्षा उपयोगी पडते.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करा. टीबी आजही आपल्याकडे आहे आणि आता त्यावर औषध आहे. थुंकीत रक्त, संध्याकाळचा ताप, वजनात घट, आडवे झाल्यावर धाप लागणे किंवा पायांवर सूज यांपैकी काही असेल, तर वही पूर्ण होण्याची वाट पाहू नका. आडवे झाल्यावर लागणारी धाप हृदयाच्या आजाराचीही असू शकते.

आरोग्यवरमच्या डॉक्टरांनी सगळ्यांवर टीबीचा शिक्का मारून काम संपवले नाही. जे जुळत नव्हते त्याकडे त्यांनी लक्ष दिले. तुमच्या खोकल्यातही न जुळणारी गोष्ट असतेच: दिवसा शांत आणि रात्री त्रास, पुण्याला गेल्यावर बरा आणि घरी आल्यावर पुन्हा सुरू. सिरपने ती गोष्ट दोन तास झाकली जाते. ती डॉक्टरांना सांगा, कारण तिथूनच लवकर सापडते.