पाण्यासकट उचललेली बोट

कॅनडातल्या पीटरबरोच्या लिफ्टमध्ये दोन माणसांची मोटारबोट शिरली काय किंवा भलीमोठी प्रवासी बोट शिरली काय, लिफ्टवर भार तेवढाच. थाप वाटते, पण नाही. बोट पाण्याने भरलेल्या हौदात आली की आपल्या वजनाइतकं पाणी मागे कालव्यात लोटते. आर्किमिडीजचा हा हिशेब शाळेत सगळ्यांनीच घोकलेला असतो. त्यावर यंत्र उभं केलं ते मात्र पुलांच्या कामात हात बसलेल्या एका इंजिनिअरने.

त्याचं नाव एडविन क्लार्क. वेल्समध्ये रॉबर्ट स्टीफन्सनचा ब्रिटानिया पूल होत होता तेव्हा क्लार्क त्या कामावर होता. दीड हजार टनांच्या आसपास वजनाच्या लोखंडी नळ्या पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांनी इंचाइंचाने वर चढवायच्या होत्या. 1849 मध्ये त्यातलं एक यंत्र बुडाशी फुटलं. नळी जसजशी वर जाईल तसतसा खाली भराव रचत जायचा, असा स्टीफन्सनचा हट्ट होता, म्हणून ती काही इंच खचूनच थांबली.

तीच विद्या घेऊन क्लार्क 1850 च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या व्हिक्टोरिया गोदीत आला. लोखंडी खांबांच्या दोन ओळी, मधे तराफा, तराफ्यावर जहाज, आणि सगळंच दाबयंत्रांनी पाण्याबाहेर. इथे मात्र जहाजाचं वजन खरंखुरं अंगावर येई. जहाजाचा कणा ठोकळ्यांच्या रांगेवर नेमका टेकवायचा, मग दोन्ही कुशींना आधार सरकवायचे, तेव्हा कुठे उचलायचं. जरा जागा चुकली की कलंडण्याची धास्ती.

चेशरमधल्या अँडरटनला प्रश्न वेगळा होता. खाली वीव्हर नदी, वर सुमारे 15 मीटरवर ट्रेंट-मर्सी कालवा, आणि दोघांमध्ये मालाची चढउतार. क्लार्कने इथे बोट पाण्यासकटच उचलली. 1875 मध्ये सुरू झालेल्या या लिफ्टला दोन हौद होते, प्रत्येकाखाली एक दट्ट्या, आणि दोन्ही दट्ट्यांची नळकांडी एका नळाने जोडलेली. खालच्या हौदातलं सुमारे 15 सेंटिमीटर पाणी काढलं की वरचा जड होऊन उतरू लागे आणि खालचा चढे. खोट निघाली ती शेवटच्या टप्प्यात: उतरणारा हौद नदीच्या पाण्यात बुडू लागला की हलका होई आणि तराजू बिघडे, मग उरलेली उंची वाफेच्या इंजिनाच्या जोरावर गाठायची. त्यात कालव्याच्या खारट, रसायनं मिसळलेल्या पाण्याने दट्ट्ये कुरतडले. 1908 पर्यंत ती लिफ्ट विजेवर गेली.

पीटरबरोची लिफ्ट उभारणाऱ्या रिचर्ड रॉजर्सने युरोपातल्या अशा लिफ्ट आधी पाहून घेतल्या. 1904 मध्ये सुरू झालेल्या त्याच्या लिफ्टची उचल जवळजवळ 20 मीटर. वरचा हौद कालव्याच्या पातळीपेक्षा सुमारे 30 सेंटिमीटर खाली थांबतो, दरवाजा उघडताच तेवढं पाणी आत येतं, म्हणजे जवळपास 130 टन. झडप उघडली की दोन मिनिटांच्या आत वरचा खाली, खालचा वर. उचलायला बाहेरची शक्ती लागत नाही. माझ्या मते एवढं देखणं यंत्र त्या काळात क्वचितच झालं असेल.

मालवाहतूक ओसरली तशा या लिफ्ट हौशी लोकांच्या वाट्याला आल्या. बोट हौदात कुठे उभी करायची, यात वजनाचा काही संबंध नाही. नाळ दरवाजापासून लांब हवी, मागून येणाऱ्याला जागा हवी, एवढंच. कालव्याच्या साध्या लॉकमध्ये, म्हणजे दोन दरवाजांमधल्या कोंडीत, पाणी खालीवर होतं, म्हणून दोर हातात धरून सोडत-ओढत राहावं लागतं. बांधून ठेवला तर उतरत्या पाण्यावर बोट दोराला लटकते. इथे बोट, पाणी आणि कठडा एकत्रच प्रवास करतात.

घरच्या धक्क्यावरची खासगी लिफ्ट दिसायला याच कुळातली, पण तिचं नातं अँडरटनशी नसून व्हिक्टोरिया गोदीशी आहे. तिच्यावर बोट कोरडी उचलली जाते, म्हणून जागेचा सगळा त्रास परत येतो. इंजिन मागे असल्याने भार बहुधा मागे असतो. बोट फार मागे राहिली तर पिछाडी आधाराबाहेर लोंबते. म्हणून सराईत माणूस धक्क्यावर खूण करून ठेवतो, खुणेशी बोट थोपवतो, थोडीशी वर उचलून ती कुठे झुकते ते बघतो, मगच पुढे चढवतो. बोट वर गेल्यावर तळाचं बूच काढायचं, नाहीतर पावसाचं पाणी साचून लिफ्टवर भलताच भार पडतो. आणि खाली सोडण्याआधी ते आठवणीने लावायचं.