विनयपिटकातील वसा-भैषज्य

रानात शिकार झालेल्या प्राण्याची चरबी भिक्खूने औषध म्हणून घ्यावी काय? हा प्रश्न आज विचित्र वाटेल; परंतु विनयपिटकाच्या महावग्गात, भेसज्जक्खंधकात, त्याचे स्पष्ट उत्तर आहे.

श्रावस्तीस शरद ऋतूतील आजाराने भिक्खू कृश व निस्तेज झाले, तेव्हा भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मध व फाणित या पाच औषधींस अनुमती दिली. पुढे काही आजारी भिक्खूंना वसेची, म्हणजे चरबीची, गरज भासली. त्या वेळी अस्वल, मासा, सुसुका नावाचा हिंस्र जलचर, डुक्कर व गाढव अशा पाच प्राण्यांची वसा अनुज्ञात झाली. अट अशी की, ती मध्यान्हापूर्वी स्वीकारावी, तेव्हाच कढवावी, तेव्हाच गाळावी आणि तेलाप्रमाणे वापरावी. तिन्ही कृत्ये अवेळी केल्यास तीन दुक्कट दोष लागतात. निस्सग्गिय पाचित्तियाच्या २३ व्या नियमाच्या विवरणात तीळ, मोहरी, मधुक व एरंड यांच्या तेलांबरोबरच वसातेलही मोजले आहे; ते सात दिवसांपर्यंत ठेवता येते. वैद्यकातही हेच दिसते: चरकसंहिता तूप, तेल, वसा व मज्जा असे चार स्नेह सांगते.

येथे एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. अस्वलाचे मांस भिक्खूंना निषिद्ध आहे, परंतु त्याची वसा अनुज्ञात आहे. मांस निषिद्ध का? शिकाऱ्यांनी दिलेले अस्वलाचे मांस खाऊन अरण्यात राहणाऱ्या भिक्खूंवर, त्या मांसाच्या वासामुळे, अस्वले धावून आली म्हणून. अर्थात बंदीमागे विटाळाची कल्पना नव्हती, जीविताचे रक्षण होते. समन्तपासादिका ही अट्ठकथा तर अस्वलाच्या उल्लेखात मनुष्य वगळता सर्व निषिद्ध-मांस प्राण्यांची वसा समाविष्ट मानते.

यावरून शिकारीस मान्यता मिळाली असे मात्र कोणी समजू नये. जाणूनबुजून प्राणिहत्या करणाऱ्या भिक्खूस पाचित्तिय दोष लागतो, आणि उपासकाने प्राण्यांचा व मांसाचा व्यापार करू नये असे अंगुत्तरनिकाय सांगतो.

चरबी, कातडे, हाडे हाताळणाऱ्यांना ज्या समाजाने अस्पृश्य ठरविले, त्याच भूमीत विनयाने वस्तूचा विटाळ विचारला नाही. आजाऱ्याची गरज, योग्य काळ व चेतना यांचा विचार केला. भेसज्जक्खंधक वाचताना हा भेद आपण ध्यानी ठेवला पाहिजे.