मानद कॅप्टन म्हणजे नेमकं काय? सुभेदार साहेबांचा मान गावाने कसा ठेवावा, जाणून घ्या

अमरावती/अकोला : १५ ऑगस्ट नाहीतर २६ जानेवारी जवळ आली की वऱ्हाडातल्या गावांत एक चर्चा हमखास निघते. गावातले सुभेदार साहेब रिटायर होऊन आले, घराच्या पाटीवर ‘मानद कॅप्टन’ लिहिलं. मग पारावर कोणीतरी विचारतंच, हे खरे कॅप्टन की नुसते नावाचे? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते, माहिती नसते एवढंच. पण तीस वर्षं सीमेवर काढून आलेल्या माणसाच्या जिवाला हे शब्द लागतात. म्हणून ही माहिती प्रत्येक गावात असायला पाहिजे.

जेसीओ म्हणजे कोण?

परदेशातल्या फौजांत शिपाई आणि अधिकारी यांच्या मधल्या अनुभवी माणसाला वॉरंट ऑफिसर म्हणतात. आपल्या हवाई दलात हेच नाव आहे. ज्युनिअर वॉरंट ऑफिसर, वॉरंट ऑफिसर आणि मास्टर वॉरंट ऑफिसर अशा तिथे तीन पायऱ्या आहेत. नौदलात त्याच जागी चीफ पेटी ऑफिसर आणि मास्टर चीफ पेटी ऑफिसर असतात. भूदलात त्यांना जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर म्हणतात. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे त्यांचे हुद्दे.

खांद्यावरून ओळखायचं तर सोपं आहे. नायब सुभेदाराला पट्टीसोबत एक स्टार, सुभेदाराला दोन, आणि सुभेदार मेजरला अशोकस्तंभाचं चिन्ह. एका पलटणीत सुभेदार मेजर एकच असतो. जवानाची सुट्टी, घरचं दुखणं, भांडणतंटा, नव्या पोराची शिस्त, सगळं त्याच्यापर्यंत जातं. कमांडिंग ऑफिसर दोन-अडीच वर्षांनी बदलतात, पण पलटणीची माणसं नावानिशी ओळखणारा सुभेदार मेजर असतो. म्हणून मोठे अधिकारीसुद्धा त्यांना ‘साहेब’ म्हणूनच हाक मारतात.

मानद हुद्दा कसा मिळतो?

जेसीओ शिपाई म्हणून भरती होतो आणि एकेक पायरी चढत वर येतो. इथवर यायला वीस-पंचवीस वर्षं जातात. सेवेच्या शेवटी ज्यांचं रेकॉर्ड उत्तम आहे, अशा निवडक जेसीओंना राष्ट्रपतींच्या वतीने मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हा हुद्दा दिला जातो. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला ही नावं जाहीर होतात आणि सरकारी राजपत्रात छापली जातात. हवाई दल आणि नौदलातही अशीच पद्धत आहे. निवृत्त होणाऱ्या निवडक हवालदारांना मानद नायब सुभेदार करतात.

म्हणजे हा हुद्दा कोणी स्वतःच्या नावापुढे लावून घेतलेला नाही. वन रँक वन पेन्शनच्या तक्त्यांतही मानद लेफ्टनंट आणि मानद कॅप्टनसाठी पेन्शनचा वेगळा रकाना आहे.

गोंधळ होतो तो ‘मानद’ या शब्दामुळे. सचिन तेंडुलकर यांना २०१० मध्ये हवाई दलाने मानद ग्रुप कॅप्टन केलं. महेंद्रसिंग धोनी यांना २०११ मध्ये प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल केलं. त्यांनी देशाचं नाव मोठं केलं म्हणून दिलेला तो मान आहे. गावातल्या मानद कॅप्टनचा हुद्दा मात्र पूर्ण नोकरी फौजेत करून, बर्फात, वाळवंटात अन् जंगलात राहून मिळालेला आहे. शब्द एकच असला तरी वाट वेगळी आहे.

सियाचीनची चौकी जिंकणारे परमवीर चक्र विजेते बाणा सिंग १९८७ मध्ये नायब सुभेदार होते. पुढे ते मानद कॅप्टन झाले. कारगिल युद्धात टायगर हिलवर लढलेले योगेंद्र सिंग यादव हेही मानद कॅप्टन म्हणूनच निवृत्त झाले. त्यांना कोणी ‘नावाचे कॅप्टन’ म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. या जागा मोजक्याच असतात. कितीतरी चांगले सुभेदार हा हुद्दा न मिळताच घरी येतात. म्हणून त्यांची सेवा कमी ठरत नाही. गावाने दोघांत डावं-उजवं करू नये.

वऱ्हाडाचं फौजेशी जुनं नातं

अचलपूर, म्हणजे जुनं एलिचपूर, हे फौजेचं ठाणं होतं. परतवाड्याला जुनी माणसं अजून ‘कॅम्प’ म्हणतात ते त्यामुळेच. एलिचपूरचे नवाब सलाबत खान यांच्या अठराव्या शतकातल्या फौजेतून निघालेल्या पलटणी पुढे हैदराबाद कंटिंजंटमध्ये गेल्या आणि १९४५ मध्ये कुमाऊं रेजिमेंट झाल्या. या रेजिमेंटच्या एका पलटणीच्या नावात आजही ‘बेरार’ आहे.

इंग्रजांच्या काळात आपल्या माणसाला सुभेदार मेजरच्या वर सहसा जाता येत नव्हतं. दीर्घ सेवेसाठी १८३७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ हा सन्मान सुरू झाला. त्यात पहिल्या वर्गाला ‘सरदार बहादूर’ आणि दुसऱ्या वर्गाला ‘बहादूर’ ही पदवी मिळे. तेव्हाचा ‘जमादार’ हा हुद्दा १९६५ मध्ये ‘नायब सुभेदार’ झाला.

सुभेदार या हुद्द्याला महाराष्ट्रात आणखी एक मोल आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे फौजेत सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत. १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेबांचा जन्म झाला तो महूच्या छावणीत. आज त्याच परंपरेत बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा शेतकऱ्याचा पोरगा अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये भरती होऊन जेसीओ झाला आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये सुवर्णपदक घेऊन आला.

नाव कसं लिहावं?

पत्रिकेवर, फलकावर किंवा ग्रामपंचायतीच्या ठरावात ‘माजी सैनिक अमुक अमुक’ असं मोघम लिहू नये. ‘सुभेदार मेजर (मानद कॅप्टन) अमुक अमुक, सेवानिवृत्त’ असं पूर्ण लिहावं. मानद शब्द गाळू नये आणि मूळ हुद्दाही गाळू नये. शंका असली तर साहेबांना पेन्शनचा कागद, म्हणजे पीपीओ, दाखवायला सांगावं. त्यावर हुद्दा असतो. पदकांपैकी ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची पदकं वेगवेगळी असतात. नातवाने आजोबांना विचारून कोणतं कशाचं ते एका वहीत लिहून ठेवावं.

शाल-श्रीफळाच्या पुढचं काम

सत्कार पाच मिनिटांत होतो. खरा मान पुढच्या गोष्टींत आहे.

घरपट्टी : राज्य सरकारने २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने योजना काढून माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराच्या घरपट्टीत माफी दिली. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून ग्रामपंचायतीत अर्ज करावा लागतो. अमरावती आणि अकोला दोन्हीकडे हे कार्यालय आहे. अटी तिथेच विचारून घ्याव्या.

पत्नीचं नाव : पीपीओवर पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधारकार्डाप्रमाणे आहे की नाही, हे साहेब हयात असतानाच तपासावं. माहेरचं नाव, सासरचं नाव, एखादं अक्षर इकडेतिकडे, एवढ्यावरून पुढे कुटुंब पेन्शन अडकते. तेव्हा म्हातारी माय कार्यालयाचे उंबरठे झिजवते अन् गावाला पत्ताही नसतो.

हयातीचा दाखला : पेन्शन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेतून येते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हाताऱ्या साहेबांना मोबाईलवर हे जमत नसेल तर गावातल्या शिकलेल्या पोरांनी मदत करावी. मात्र ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हेही त्यांना बजावून सांगावं.

उपचार : २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. साहेबांचं आणि पत्नीचं, दोघांचंही कार्ड आहे का ते पाहून घ्यावं.

दोन तारखा : ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन आणि १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये याच १४ जानेवारीला लष्करप्रमुख पदावरून निवृत्त झाले होते. या दिवशी गावच्या शाळेने सुभेदार साहेबांना बोलवावं, पोरांना प्रश्न विचारू द्यावे आणि बोलणं मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून ठेवावं. १९६५ आणि १९७१ ची लढाई पाहिलेले लोक आता थोडेच उरले आहेत. ते गेले की कोणत्या पलटणीत होते, कुठे होते, हे सांगणारं घरातही कोणी राहत नाही.

या २६ जानेवारीला झेंडावंदनाच्या वेळी पहिल्या रांगेतली एक खुर्ची सुभेदार साहेबांसाठी आणि एक गावातल्या सैनिकाच्या विधवेसाठी राखून ठेवावी. आणि त्यांचं नाव पुकारताना हुद्दा पूर्ण अन् बरोबर पुकारावा.