सहारांतील शैलचित्रें व हत्यारांची साक्ष

शिलालेखांत निदान राजाचें नांव तरी सांपडतें. शैलचित्र मुकेंच असतें. म्हणून सहारांतील चित्रांचा काळ ठरवितांना संशोधकांची दृष्टि माणसांच्या हातांतील हत्यारांकडे वळते. ही साक्ष कितपत धरावी, एवढाच येथें विचार करावयाचा आहे.

इ. स. १८५० मध्यें जर्मन प्रवासी हाइनरिख बार्थ यास फेझान प्रांतांत, मुर्झुकच्या पश्चिमेस एका दरींत, खडकावर खोल कोरलेलीं चित्रें आढळलीं. एका चित्रांत बैलाच्या दोहों बाजूंस दोन पशुमुखी आकृति आहेत. डाव्या आकृतीच्या हातांत धनुष्यबाण दिसतात असें बार्थ सांगतो; पण ती ढालहि वाटण्याजोगी आहे, अशी पुस्ती लागलीच जोडतो. मूळ चित्र डोळ्यांपुढें असतां त्यानें हा संशय नोंदविला. केवळ नकलांवरून मोठीं अनुमानें बांधणारांनीं हें ध्यानांत ठेवावें. चित्रें प्राचीन, हें त्यानें ठरविलें तें हत्यारावरून नव्हे, तर त्यांत उंट नाहीं यावरून.

अल्जीरियांतील तासिली पठारावर सेफार येथें धनुर्धारी पुरुषांचीं चित्रें आहेत. गुराख्यांच्या काळांतील अशा चित्रांत धनुष्य हेंच मुख्य हत्यार होय. घोडा येतो तेव्हां तें मागें पडून भाला व वाटोळी ढाल पुढें येतात. उंटाबरोबर तलवारहि दिसूं लागते. मिसरांत घोडा इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकांत रुळला. तेव्हां सहारांतील अश्वचित्रें त्यापूर्वींचीं मानणें कठीण. हा क्रम आम्हांस ग्राह्य वाटतो. परंतु त्यावरून पूर्वापरता कळते, सन कळत नाहीं.

रथांच्या बाबतींत मात्र घाई फार झाली आहे. गारामांत लोक चार घोड्यांच्या रथांतून गुहावासीयांचा पाठलाग करीत, असें हेरोडोटस लिहितो. चित्रांतील रथ बहुतेक दोन घोड्यांचे, आणि सारथ्याच्या हातीं पुष्कळदां लगाम व काठी यांपलीकडे कांहींच नसतें. इ. स. १९५६ मध्यें तासिलीवर मोहीम नेणारे आंरी लोत यांनीं घोड्यांच्या उडत्या चालीवरून या रथांचा संबंध एजियन समुद्राकडील लोकांशीं जोडला. चितारण्याची ढब सारखी म्हणून लोकहि तेच, हें आम्हांस मान्य करवत नाहीं. रथाशेजारीं भाला कोरलेला दिसला, तर दोहोंच्या रेषांवर चढलेला काळसर थर सारखा आहे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. कारण जुन्या चित्रावर पुढील काळच्या माणसांनीं हात फिरविल्याचीं उदाहरणें तेथें थोडीं नाहींत.