थंडीत सेल्फ न घेणारी गाडी

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे ओळखले जातात ते उन्हाळ्यासाठी. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांपर्यंत चढतो, म्हणून इथे गाडी थंडीने अडते हे बाहेरच्या माणसाला चटकन पटत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत जंगलपट्ट्यातली रात्र १० अंशांच्या खाली उतरते. झाडीत, नदीकाठी दव एवढे पडते की पहाटे बॉनेटवरून पाणी ओघळत असते. अशा पहाटे गाडी सेल्फ का घेत नाही, हे शोधण्याची इथली रीत इंजिनांबरोबर बदलत गेली.

गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा जिल्हा झाला. त्याआधी हा सारा मुलूख एकाच चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात होता. पावसाळ्यात वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, पर्लकोटा या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले रस्ते तोडत. आलापल्लीच्या जंगलातला साग आणि बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे जाणारा बांबू यांची वाहतूक खरी चाले ती पाऊस उघडल्यावर, थेट पुढच्या पावसापर्यंत. गिरणीची कंपनी १९४५ची. तिच्यामुळे बांबूचे ट्रक या रस्त्यांवर कायमचे झाले. कामाचा हंगाम आणि थंडी अशी एकदमच येत. चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी आपसूक उतरलेली असे आणि अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचे पाणी साचलेले असे. त्यात ट्रकचा मुक्काम कुपात, म्हणजे जंगलातल्या तोडीच्या जागीच, उघड्यावर. गाडी अडली की दोष थंडीला दिला जाई, पण त्यातला बराचसा वाटा पावसाळ्याचा असे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि देशभर कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारी निघाल्या. त्यांची भट्टी पेटवून वायू तयार होईपर्यंत थांबावे लागे. तिथे निदान भट्टीचे आणि कोळशाच्या ओलाव्याचेच होते. बॅटरीचा प्रश्न नंतरचा.

स्वातंत्र्यानंतर महिंद्राने विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि जंगलातल्या कच्च्या रस्त्यांना ही गाडी मानवली. सुरुवातीच्या जीपमध्ये बॅटरी ६ व्होल्टची असे. गारठ्यात इंजिन ऑइल घट्ट झाले की सेल्फ इंजिनाला जेमतेम फिरवी, आणि तेवढ्यातच व्होल्टेज खाली येऊन प्लगची ठिणगीही मंदावे. शिवाय गार हवेत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. म्हणून चोक ओढून मिश्रण दाट करायचे. चोक जास्त वेळ ओढला तर प्लग पेट्रोलने भिजत. मग ते काढून, पुसून, शेकून पुन्हा बसवावे लागत. तपासणीचा क्रम ठरलेला होता: प्लगची वायर बॉडीजवळ धरून ठिणगी पाहायची, ती पिवळट आणि अशक्त असेल तर डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून आतले दव पुसायचे, पॉइंट घासायचे, आणि मगच कार्ब्युरेटरला हात लावायचा. बॅटरी अगदीच बसली असेल तर हँडल मारून इंजिन हाताने फिरवायचे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा लागे; मुठीभोवती वळवला आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगटच मोडे. नव्या क्लीनरला आधी हे शिकावे लागे आणि मग बाकीचे.

१९५४मध्ये टाटा-मर्सिडीजचे ट्रक देशात बनू लागले. पुढे लाकूड आणि बांबू बहुतांशी डिझेलच्या ट्रकांवरच गेला. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा इतकी तापावी लागते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटावे. सिलिंडरच्या भिंती गार असल्या की ही उष्णता त्या शोषून घेतात, आणि इंजिन हळू फिरले की दाबही रिंगांमधून निसटतो. त्यामुळे कमजोर बॅटरी डिझेल गाडीला दोन्हीकडून मारते.

चालकांनी या इंजिनांचे निदान धुरावरून बसवले, आणि ते इतके नेमके आहे की आजही कुठल्याही गॅरेजमध्ये उपयोगी पडते. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे, पेटत मात्र नाही. दोष उष्णतेचा, दाबाचा किंवा नोझलचा. धूरच नसेल तर डिझेलच येत नाही. फिल्टरमध्ये पाणी आहे का, पाइपने हवा घेतली आहे का ते बघायचे आणि हँड प्रायमर मारून एअर काढायची. सेल्फचा नुसता ‘टक्’ आवाज आला तर आधी बॅटरी आणि टर्मिनल. इंजिन झपाझप फिरूनही लागत नसेल तर बॅटरीला विनाकारण दोष द्यायचा नाही.

उपाय मात्र धोक्याचे होते. ऑइल चेंबरखाली शेकोटी करणे, रेडिएटरमध्ये कढत पाणी ओतणे, एअर क्लीनर काढून हवेच्या वाटेवर पेटता बोळा धरणे, हे सारे ट्रकवाल्यांत चाले. वाळलेल्या पाल्यावर उभ्या असलेल्या, बांबूने भरलेल्या ट्रकखाली जाळ करणे म्हणजे जिवाशी खेळ होता, आणि तो केवळ नाइलाजाने खेळला जाई.

एस.टी.च्या मुक्कामी गाडीला पहाटे इंजिन न लागण्याचा प्रश्न रोजचा. डेपो आणि त्याचा मेकॅनिक दूर. चालक-वाहक गावातच झोपणार आणि पहाटे गाडी सुटलीच पाहिजे, कारण तालुक्याला जाणारे सगळे त्याच फेरीवर अवलंबून. म्हणून रात्री गाडी उताराला तोंड करून लावायची. इंजेक्शन पंप यांत्रिक असल्याने त्या काळच्या डिझेल इंजिनाला चालायला वीज लागत नसे. गाडी उतारावर सोडली, गिअर टाकला की इंजिन धरत असे. सपाटीवर प्रवासीच धक्का देत.

१९८०च्या दशकात प्यूजोच्या परवान्यावरचे डिझेल इंजिन जीपमध्ये आले, पाठोपाठ ट्रॅक्स ही प्रवासी गाडी आली आणि काळी-पिवळी शेअर टॅक्सीचे दिवस सुरू झाले. या इंजिनांत डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटते. त्या कप्प्याच्या भिंती उष्णता खातात, म्हणून तिथे हीटर प्लग लागतो. जुन्या मर्सिडीज पद्धतीच्या इंजिनांत सगळे हीटर एकाच तारेत ओवलेले असत, एक जळला की सगळे बंद. पुढे प्रत्येकाला वेगळी वीज मिळू लागली. मग एक हीटर गेला तर गाडी लागते, पण पहिले मिनिटभर एका सिलिंडरवर मिस मारत, पांढरा धूर सोडत थरथरते. टेस्ट लॅम्पची एक टोचणी बॅटरीच्या प्लसला लावून दुसरी हीटरच्या टोकाला टेकवली की मेलेला हीटर लगेच कळतो. त्याआधी त्याची वायर मात्र सोडवावी लागते.

या भागात ‘डिझेल गोठले’ असे निदान सर्रास ऐकू येते, ते जवळपास नेहमीच चुकीचे ठरते. भारतीय मानकानुसार हिवाळी डिझेल ३ अंशांपर्यंत वाहते राहायला हवे, आणि इथली थंडी क्वचितच तिथवर जाते. खरा गुन्हेगार बहुधा उन्हाळाच असतो. ४५ अंशांच्या वर बॅटरीचे पाणी उडते, प्लेटा गंजतात, आयुष्य झपाट्याने घटते. तरीही गरम हवेत पातळ ऑइलचे इंजिन अर्धमेल्या बॅटरीवरही फिरते, म्हणून दोष झाकला जातो. ८-१० अंशांत त्याच बॅटरीची ताकद आणखी पंधरा-वीस टक्के कमी होते, ऑइल घट्ट होते आणि मे महिन्यातले नुकसान जानेवारीत उघडे पडते. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना आकडा ९.६च्या खाली गेला तर बॅटरीचा भरवसा धरू नये.

२०००नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्ब्युरेटर आणि चोक गेले. डिझेलमध्ये कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना जास्त दाबाचे इंधन पुरवणारी सामाईक नळी, आली. आता इंधन किती द्यायचे हे संगणक ठरवतो, आणि तो इंजिनाच्या तापमानाच्या सेन्सरवर विसंबून असतो. रात्रभर थंड झालेल्या गाडीत स्कॅनरवर इंजिनाचे आणि हवेचे तापमान जवळपास सारखे दिसायला हवे. इंजिन ८० अंश सांगत असेल तर सेन्सर खोटे बोलतो आहे आणि पेट्रोल गाडीला थंडीत लागणारे जादा इंधन मिळत नाही. कॉमन रेलमध्ये रेलचा दाब ठरावीक पातळीला गेल्याखेरीज नोझल उघडतच नाहीत आणि संगणकाला जागे राहायला वीज हवीच. म्हणून पूर्ण बसलेल्या बॅटरीवर उताराचा जुना उपाय अशा गाडीला चालत नाही. दुसऱ्या गाडीवरून जंप केबल लावावी लागते.