पोथीचें बासन आणि पुरुषाचा पोशाख

पोथ्यांचे संग्राहक पोथीचा कागद पाहतात, शाई पाहतात, अक्षराचें वळण पाहतात आणि शेवटच्या पानावर लेखनकाल व लेखकाचें नांव शोधतात. पोथी ज्या कापडांत बांधलेली असते तें कापड मात्र बहुधा मालकाच्या उंबरठ्यावरच राहतें. मळकें, उंदरांनीं कुरतडलेलें तें फडकें सोडून टाकावें आणि नवा तांबडा खारवा गुंडाळावा, हा आपणां सर्वांचा परिपाठ आहे. प्रस्तुत लेखकहि त्यास अपवाद नव्हता. नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांत तीस-बत्तीस वर्षें अध्यापन करीत असतां शे-दीडशें गांठोडीं माझ्या हातून सोडलीं गेलीं असतील. त्यांपैकीं फार तर दहा-बारांच्या कापडाची मीं नोंद ठेविली. ही चूक ध्यानांत कशी आली तें पुढें सांगावयाचें आहे.

पोथी अगर दप्तर बांधण्याच्या कापडास मराठींत तीन शब्द विशेष रूढ आहेत: बासन, रुमाल आणि बस्ता. बासन हा शब्द संस्कृत वसन-वासन ह्यांपासून आला असावा असें मला वाटतें. आणि वसन म्हणजे तर अंगावर घालावयाचें वस्त्रच होय. रुमाल हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ तोंड पुसण्याचें फडकें. परंतु आमच्या भागांत डोक्यास गुंडाळावयाच्या चौकोनी वस्त्रासहि रुमालच म्हणत आले आहेत, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरांत कागदांच्या गठ्ठ्यास हीच संज्ञा चालते. बस्ता म्हणजे फारसींत 'बांधलेलें'. कारकुनाचा बस्ता कागदांचा. पण मराठवाड्यांत 'बस्ता बांधला' म्हटलें कीं ऐकणारा कागदांकडे पाहत नाहीं, लग्न कोणाचें हें विचारतो, कारण लग्नाच्या कपड्यांची खरेदी म्हणजे बस्ता. एका वस्तूच्या तिन्ही नांवांचा पोशाखाशीं असा संबंध निघावा हा केवळ योगायोग नव्हे. घरांत नवें कापड येई तें अंगासाठीं. तें विरलें म्हणजे त्यांतला धड भाग पोथीच्या वांट्यास जाई.

आतां तें अंगावरचें कापड कोणतें? ह्या प्रांतांतील सामान्य गृहस्थास जें असल्यावांचून चालत नसे तें मोजकेंच होतें. कमरेस धोतर, अंगांत बाराबंदी किंवा बंडी, खांद्यावर उपरणें, डोक्यास ऐपतीप्रमाणें पागोटें, रुमाल किंवा पटका. आणि पावसाथंडीस घोंगडी. ह्यांत शिवलेलें असें एकच. बाकीचीं सर्व मागावरून उतरलीं तशींच अंगावर चढत.

ही घडण बरीच प्राचीन आहे. अमरसिंहानें मनुष्यवर्गांत अधोवस्त्रास अंतरीय, उपसंव्यान, परिधान व अधोंशुक असे चार पर्याय दिले आहेत, तर वरच्या वस्त्रास प्रावार, उत्तरासंग, बृहतिका, संव्यान व उत्तरीय असे पांच. धर्मशास्त्रानेंहि ह्याच जोडीचा आग्रह धरला. एकवस्त्रानें भोजन वा देवपूजा करूं नये, हा निर्बंध प्रसिद्धच आहे. उपरणें हें केवळ मिरविण्याचें वस्त्र नव्हतें, तें नसल्यास माणूस कर्मास अपात्र ठरे. 'धोतर' शब्द कोणी 'अधोत्तर' असा फोडतात. मला ती व्युत्पत्ति ओढूनताणून केलेली वाटते. धौत म्हणजे धुतलेलें, त्याच्याशींच त्याचें नातें असावें. जें रोज धुवावयाचें तें धोतर, आणि जें रोज धुवावयाचें नाहीं तें पागोटें, असा व्यवहारहि होताच. शिवलेल्या कपड्यांत कोपरी हें एक मोठें बोलकें नांव आहे. कोपर हें कूर्पराचें मराठी रूप. ज्याची बाही कोपरापर्यंत तें कोपरी. अमरानें चोलास दिलेला कूर्पासक हा पर्याय त्याच्या शेजारीं ठेवून पहावा. बाराबंदीस बारा बंद, म्हणजे गांठी सहाच; हें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, आजच्या नाटकांतून बंदांची संख्या फारशी कोणी मोजीत नाहीं.

कापडाच्या बाबतींत हा मुलूख परावलंबी नव्हता. लातूर हें 1982 पर्यंत ज्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडत असे, त्याच जिल्ह्यांतील तेर म्हणजे प्राचीन तगर, हें फ्लीटनें 1901 सालीं दाखविलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक ग्रंथावरून तगराहून भडोचेस गाड्यांतून पुष्कळसें साधें कापड व नाना जातींची मलमल जात असे असें कळतें. ह्या नोंदींतील 'साधें कापड' हे शब्द मला मलमलीहून अधिक महत्त्वाचे वाटतात. सामान्य माणसाचें धोतर त्यांतूनच झालें असणार. ह्याच्या उलट टोकास कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा 'मानसोल्लास' (शके 1051, इ. स. 1129) आहे. कल्याणी लातूरच्या दक्षिण सीमेपासून फार दूर नाहीं. त्यांतील वस्त्रोपभोगाच्या प्रकरणांत राजानें ऋतुपरत्वें कोणतीं वस्त्रें नेसावीं हें सांगितलें असून चोल, सिंहल, कलिंग, वंग, मूलस्थान, अणहिलवाड, महाचीन अशा दूरदूरच्या कापडांचीं नांवें दिलीं आहेत. राजाचें वस्त्र दुरून येई, रयतेचें जवळच विणलें जाई. नांदेडच्या तलम कापडाचा लौकिक तर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकला होता. पुढें निजामी अमदानींत तेथें उस्मानशाही गिरणी निघाली, आणि तीहि आतां बंद पडली आहे.

वस्त्र आणि पोथी ह्यांचें सर्वांत विलक्षण मीलन लातुराहून जवळच, अंबाजोगाईस पहावयास मिळतें. दासोपंतांनीं (1551–1615) पंचीकरण हा विषय कागदावर न लिहितां सुमारे 40 फूट लांब व 4 फूट रुंद कापडावर लिहिला. त्यास लोक 'पासोडी' म्हणतात, आणि पासोडी म्हणजे थंडींत पांघरावयाचें जाड दुहेरी वस्त्र. येथें पोथीस बासनाची गरजच उरली नाहीं. पांघरुणाच्या नांवाची वस्तु हीच पोथी झाली. संग्राहकांनीं ही वस्तु काव्यासाठीं पुष्कळ वेळां पाहिली आहे. तिचें सूत, वीण व जोड ह्यांकडेहि कोणी जाणकार विणकर घेऊन पहावें.

दरबारी वस्त्रांविषयीं थोडक्यांत लिहितों, कारण तो विषय पुष्कळांनीं हाताळला आहे. 'जामानिमा' हा शब्द आपण थट्टेनें वापरतों; त्यांत जामा व निमा असे दोन खरेखुरे अंगरखे आहेत. 'शिरपाव' म्हणजे सर-ओ-पा, डोक्यापासून पायांपर्यंतचा पोशाख. गुरु गोविंदसिंग 1708 सालीं नांदेडास निवर्तले, आणि तेथील हुजूर साहिबांत पाहुण्याच्या गळ्यांत सन्मानार्थ जें वस्त्र घालतात त्यास 'सिरोपा' म्हणतात. शब्द तोच; फारसींतून तो मराठींत एका वाटेनें आला, पंजाबींत दुसऱ्या वाटेनें, आणि गोदावरीच्या कांठीं दोन्ही वाटा पुन्हां मिळाल्या. शेरवानी ही निजामी राज्यांत शिकलेल्या व नोकरींतल्या पुरुषाचा वेश झाली; 1948 च्या सप्टेंबरानंतर ती पेट्यांत गेली आणि लग्नापुरती बाहेर निघूं लागली. मात्र शेरवानीचें बासन झालेलें मीं पाहिलेलें नाहीं, आणि दिसणारहि नाहीं. शिवलेल्या कपड्यांत पोथी बांधतां येत नाहीं. म्हणून बासनांचा पुरावा एकांगी आहे हें आधींच मान्य केलें पाहिजे: तो धोतर, उपरणें आणि पटका ह्यांचाच, बंडी-बाराबंदीचा नव्हे.

आतां माझ्या चुकीविषयीं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक निजले होते. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचें जड माळवद, अशा घरांखालीं सुमारे दहा हजार माणसें गेलीं. मी तेव्हां औसा तालुक्यांतील एका शाळेवर होतों. पुढच्या आठवड्यांत सर्व देशांतून कपड्यांचे ढीग आले. पँटी, शर्ट, लोंकरी कोट, गळपट्टेसुद्धां. देणाऱ्यांचा हेतु चांगलाच होता. पण म्हातारे त्या ढिगांभोंवतीं एक फेरी घालून रिकाम्या हातांनीं परतत. त्यांत धोतर क्वचित् असे, पटका नसेच.

अशांत एका पडक्या घराच्या मातींतून एक गांठोडें निघालें व आंत पोथी आहे म्हणून मला बोलावणें आलें. घरचा म्हातारा तेवढा वांचला होता. मीं गांठोडें सोडलें, पानें मोजूं लागलों. तो म्हणाला, "गुरुजी, पोथी तुमी घेऊन जावा. ह्यो पटका माज्या बापाचा हाय, तेवढा मला ऱ्हाऊ द्या." आणि त्यानें तें फडकें झटकलें, माती उडाली, आणि तेथेंच उभ्या उभ्या डोक्यास बांधलें. सुतक असल्यावांचून पुरुषानें उघड्या डोक्यानें चारचौघांत जाऊं नये अशी जुनी रीत. त्या दिवशीं सारा गांवच सुतकांत होता, कोणी कोणास कांहीं म्हटलें नसतें. तरीहि त्यानें तो बांधला. मीं घरीं येऊन वहींत पोथीची पृष्ठसंख्या, आकार, विषय व अवस्था टिपून ठेविली. बासनाच्या रकान्यांत माझ्याच अक्षरांत लिहिलेलें आहे: "बासन नाहीं."

ती वही गेल्या वर्षीं पुन्हां चाळली तेव्हां ते दोन शब्द वाचून मी थांबलों. बासन होतें. त्याचा पना किती, लांबी किती, रंग कोणता, कांठ होता कीं नव्हता, ह्यांतलें एकहि मीं पाहिलें नव्हतें. आणि तें पुन्हां पाहण्याची सोय आतां राहिलेली नाहीं.

तेव्हांपासून जें गांठोडें हातीं येतें त्याचें कापड मी आधीं अंथरून पाहतों. धोतर असेल तर पना मोठा आणि दोन्ही लांब बाजूंस कांठ. मध्यें जोड दिसल्यास अरुंद मागावरचे दोन पट्टे शिवले आहेत असें समजावें. उपरणें त्याच घाटाचें, परंतु आंखूड व तलम. पटका अरुंद, फार लांब, बहुधा बिनकांठाचा, आणि पिळाच्या सुरकुत्या त्यांत वर्षानुवर्षें राहतात. हळदीचे डाग असल्यास तें लग्नांतलें वस्त्र असण्याचा संभव असतो, पण पोथीच्या पूजेंतहि हळद सांडते, म्हणून त्यावर फार भिस्त ठेवूं नये. अधिक भरंवशाचें गमक दुसरेंच आहे. कापडाचे चारी कोपरे उजेडांत धरून पहावेत. परीट घरोघरचे कपडे ओळखूं यावेत म्हणून बिब्ब्याच्या रसानें ठिपके, रेघा अगर फुली काढीत, आणि बिब्ब्याचा काळा डाग सुताबरोबरच जातो, त्याआधीं नाहीं. अशी खूण असलेलें बासन मूळचें कोणाच्या तरी अंगावर होतें हें निश्चित. नुकत्याच आलेल्या, कंधार तालुक्यांतील एका पोथीच्या बासनावर तीन ठिपके व एक आडवी रेघ आहे. त्याच घराच्या दुसऱ्या दोन पोथ्या ज्यांच्याकडे गेल्या आहेत त्यांनीं आपलीं बासनें अद्याप टाकलीं नसल्यास तेवढे कोपरे तपासून मला कळवावें.