अमेरिकेत डॉक्टर व्हायचे आहे: नामांकित विद्यापीठ की संयुक्त अभ्यासक्रम?

अमेरिकेत बारावीनंतर थेट एमबीबीएस नसते. आधी 4 वर्षांची पदवी, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर 4 वर्षांचे एमडी. संयुक्त अभ्यासक्रमात मात्र पदवी आणि एमडी या दोन्ही जागा बारावीनंतरच ठरतात. ब्राऊन विद्यापीठाचा असा अभ्यासक्रम 8 वर्षांचा आहे, तर मिझुरी विद्यापीठाचा कॅन्सस सिटी येथील 6 वर्षांचा. जागा मोजक्या असतात आणि ठरावीक गुण टिकवावे लागतात.

नामांकित विद्यापीठाचे नाव एमडी प्रवेशाची हमी देत नाही. दरवर्षी अर्ज करणाऱ्या निम्म्याहून अधिक जणांना प्रवेश मिळत नाही. पण मन बदलले, तर संशोधन, कायदा, धोरण या वाटा तिथे खुल्या राहतात. म्हणून डॉक्टरच व्हायचे हे पक्के असेल, तरच संयुक्त मार्ग निवडावा.

भारतातून जाणाऱ्यांनी आधी पैशाचा हिशेब मांडावा. तिथली अनेक वैद्यकीय महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्यांना घेत नाहीत. अमेरिकी सरकारचे शैक्षणिक कर्जही त्यांना मिळत नाही. अनुसूचित जातींसाठीची केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठीच आहे, पदवीसाठी नाही. विद्यापीठाचे नाव पाहण्याआधी 8 वर्षांचा खर्च कोण उचलणार, हे घरात बसून ठरवा.